उन्हाळ्यांतील पाणी, मीठ आणि मूत्रपिंडें

मूत्रपिंड म्हणजे शरीराची मोरी, असा समज आपल्यांत सार्वत्रिक आहे. अन्नपाण्याचा उपयोग होऊन जें निरुपयोगी उरलें तें वाहून नेणें, एवढेंच काय तें या अवयवाचें काम, असें पुष्कळांस वाटतें. आणि मोरी तुंबेपर्यंत तिची आठवण जशी कोणी ठेवीत नाहीं, तशीच पायांवर सूज दिसेपर्यंत मूत्रपिंडांचीहि आठवण कोणास होत नाहीं. वस्तुतः मळ बाहेर टाकणें हें त्यांच्या कामाचें एक लहानसें अंग होय. त्यांचें मुख्य काम कालव्यावरील पाटकऱ्याचें आहे. शरीरांत पाणी किती ठेवावें, मीठ किती ठेवावें, कोणता क्षार आज सोडावा आणि कोणता अडवून धरावा, याचा हिशेब ही जोडी रात्रंदिवस करीत असते. तो हिशेब कसा चालतो हें शेतकऱ्यानें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण चैत्र-वैशाखांत उघड्यावर राबणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांवर जेवढा ताण पडतो तेवढा सावलींत बसून काम करणाऱ्याच्या मूत्रपिंडांवर क्वचितच पडत असेल.

मराठवाड्यांत ज्याला गुर्दा म्हणतात तोच हा अवयव. कमरेच्या किंचित् वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयानें एकेक मूत्रपिंड असतें. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी चार ते पांच इंच आणि वजन सुमारें १५० ग्रॅम. दोहोंचें मिळून वजन देहाच्या वजनाच्या दोनशेंव्या हिश्श्याइतकें भरतें. परंतु हृदय जें रक्त बाहेर लोटतें त्याचा चौथा-पांचवा हिस्सा एकट्या या जोडीकडे जातो. मिनिटास सुमारें एक लिटर रक्त यांतून फिरतें. प्रत्येक मूत्रपिंडांत सरासरीनें दहा लक्ष सूक्ष्म नळ्या असतात. त्यांस नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नळीच्या डोक्याशीं केंसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असून त्याभोंवतीं पेल्यासारखें वेष्टन असतें. या गुच्छांतून रक्तांतील पाणी व त्यांत विरघळलेले पदार्थ गाळून पेल्यांत उतरतात. रक्तपेशी व प्रथिनें मागें राहतात.

आतां आंकडे पाहा. असें गाळलेलें पाणी चोवीस तासांत सुमारें १८० लिटर भरतें. पंधरा लिटरच्या बारा घागरी. त्याबरोबर जें सोडियम उतरतें तें खाण्याच्या मिठाच्या मापानें सांगावयाचें तर सुमारें दीड किलो होतें. परंतु दिवसाकाठीं मूत्र होतें तें दीड लिटरच्या जवळपास, आणि त्यांत मीठ जातें तें आपण अन्नांतून घेतलें असेल तेवढेंच, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. बाकीचें सर्व पाणी व सर्व मीठ नळ्यांच्या भिंतींतून पुन्हां रक्तांत परत जातें. शंभर भाग गाळावयाचे आणि नव्याण्णव परत घ्यावयाचे, असा हा उद्योग आहे.

प्रथमदर्शनीं हा वेडेपणा वाटेल. पण पेंवांत कीड शिरली असतां आपण काय करतों? एकेक किडका दाणा आंत हात घालून शोधीत बसत नाहीं. सगळें धान्य उपसून अंगणांत काढतों, निवडलेलें तेवढें परत भरतों आणि उरलेलें उकिरड्यावर टाकतों. मूत्रपिंडाची पद्धति हीच आहे. जें ओळखीचें व हवें तें परत घ्यावें. बाकीचें, तें काय आहे हें ठाऊक असो वा नसो, बाहेर जाऊं द्यावें. आधीं गाळणें आणि मग परत घेणें, हा क्रम नुसता तर्कानें ठरलेला नाहीं. १९२४ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वर्न व रिचर्ड्स या दोघां शास्त्रज्ञांनीं बेडकाच्या मूत्रपिंडांतील अशा एका पेल्यांत अतिबारीक कांचेची नळी खुपसून त्यांतील थेंब बाहेर काढला. त्या थेंबांत साखर व मीठ दोन्हीं सांपडलीं. त्याच बेडकाच्या मूत्राशयांतील मूत्रांत मात्र तीं नव्हतीं. म्हणजे तीं वाटेंत कोठें तरी परत घेतलीं गेलीं होतीं.

एवढा आटापिटा कशासाठीं, हें आतां पाहूं. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या देहांत सुमारें ३६ लिटर पाणी असतें. त्यांतील दोन-तृतीयांश पेशींच्या आंत व एक-तृतीयांश बाहेर. बाहेरच्या पाण्यांत सोडियमचें प्राबल्य असतें, आंतल्या पाण्यांत पोटॅशियमचें. दोहोंमधील पडद्यांतून पाणी सहज आरपार जातें आणि जिकडे क्षार अधिक दाट तिकडे ओढलें जातें. बाहेरचें पाणी फिकें झालें कीं पेशी फुगतात. दाट झालें कीं त्या आकसतात. इतर ठिकाणीं थोडें फुगणें चालून जाईल, परंतु मेंदू कवटीच्या बंद पेटींत आहे. त्यास फुगावयास जागा नाहीं. म्हणून रक्तांतील सोडियम फार उतरलें असतां प्रथम डोकें दुखतें, मग मनुष्य बरळूं लागतो, आणि शेवटीं झटके येऊन शुद्ध जाते. प्रयोगशाळेच्या मापानें रक्तांतील सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम साडेतीन ते पांच यांच्या दरम्यान असावें लागतें. पोटॅशियमची गोष्ट अधिक नाजूक आहे. तें सातच्या घरांत गेलें तर हृदयाचा ठेका बिघडून मृत्यूहि येऊं शकतो. आज मनुष्यानें चार मोसंबीं खाल्लीं, उद्यां कांहींच खाल्लें नाहीं, परवां पुष्कळ पाणी घाम होऊन गेलें, तरी हे आंकडे जागचे हलूं न देणें हें मूत्रपिंडांचें कसब होय.

गाळलेलें पाणी नळींत उतरलें कीं परतीचा व्यवहार सुरू होतो. पहिल्या भागांतच सुमारें दोन-तृतीयांश पाणी व मीठ, आणि साखर तर बहुतेक सगळीच, रक्तांत परत जाते. हा ठोक व्यवहार झाला. बारीक निवड पुढें आहे. नळी मग मूत्रपिंडाच्या गाभ्यांत खोल उतरते आणि वळसा घेऊन पुन्हां वर येते. हा वळसा जर्मन शास्त्रज्ञ हेन्ले यानें १८६२ सालीं वर्णिला, परंतु त्याचें प्रयोजन नीट उलगडण्यास पुढें ऐंशी-नव्वद वर्षें लागलीं. वर चढणारी बाजू मीठ काढून गाभ्यांत टाकीत असते, पाण्यास मात्र बाहेर पडूं देत नाहीं. त्यामुळें गाभा खारट होत जातो, इतका कीं त्याच्या तळाशीं क्षारादि पदार्थांचा दाटपणा रक्ताच्या चौपट होतो. शेवटीं मूत्र वाहून नेणारी नळी याच खारट गाभ्यांतून खालीं जाते. लोणच्यासाठीं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे त्यांचें पाणी जसें आपोआप सुटतें, तसेंच या नळींतील पाणी गाभ्याच्या खारटपणामुळें बाहेर ओढलें जातें व रक्तांत मिळतें. मात्र त्यासाठीं नळीच्या भिंतींतील बारीक दारें उघडीं असावीं लागतात.

या दारांची किल्ली मेंदूपाशीं आहे. रक्ताचा दाटपणा शेंकडा एक-दोननें जरी वाढला तरी मेंदूच्या तळाशीं असलेल्या केंद्रास तें कळतें, आणि तेथून व्हॅसोप्रेसिन नांवाचा रस रक्तांत सुटतो. केंब्रिजचे व्हर्नी यांनीं कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनीं ही गोष्ट १९४७ सालीं सिद्ध करून दाखविली. हा रस पोंचला कीं दारें उघडतात, पाणी परत घेतलें जातें, मूत्र थोडें व दाट होतें. त्याच वेळीं तहानहि लागते. उलट पाणी पुष्कळ प्यालें असतां रस सुटावयाचा थांबतो, दारें मिटतात व मूत्र पाण्यासारखें फिकें होतें.

मिठाचा बंदोबस्त निराळा आहे. घाम, जुलाब किंवा रक्तस्राव यांमुळें रक्ताचा एकंदर सांठा कमी झाला कीं मूत्रपिंडें स्वतःच रेनिन नांवाचा पदार्थ सोडतात. त्याच्या साखळीनें मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन सुटतें. हें अल्डोस्टेरॉन सोडियम अडवितें आणि त्याच्या बदल्यांत पोटॅशियम बाहेर जाऊं देतें. सोडियमची गरज भागली, पण पोटॅशियमचा तोटा झाला. पाटकऱ्यानें एका शेताचें पाणी राखण्यासाठीं दुसऱ्या शेताचा दांड फोडावा, तशांतला हा प्रकार. उन्हाळ्यांत अनेक दिवस राबल्यावर हातापायांत जी शक्तिहीनता वाटते तिचें एक कारण हें असूं शकतें.

पण पाटकरी कितीहि कुशल असला तरी धरणांत नसलेलें पाणी तो आणूं शकत नाहीं. मूत्र रक्ताच्या चौपटीहून फारसें दाट करतां येत नाहीं, आणि अन्नापासून रोज होणारा मळ वाहून नेण्यास निदान अर्धा लिटर मूत्र लागतेंच. तेवढें पाणी, देहांत कितीहि ओढ असली तरी, जाणारच. समुद्राचें पाणी पिऊन तहान भागत नाहीं याचें कारणहि हेंच. समुद्राच्या पाण्यांत शेंकडा साडेतीन भाग मीठ असतें आणि मनुष्याचें मूत्रपिंड शेंकडा सुमारें दोन भागांहून अधिक खारट मूत्र करूं शकत नाहीं. मग प्यालेल्या प्रत्येक लिटरामागें तें मीठ बाहेर काढण्यासाठीं पदरचें पाणी खर्च होतें.

आतां आपल्या शिवाराकडे वळूं. गारखेड्याचें जुनें शिवार आज बहुतांशीं शहराच्या पोटांत गेलें आहे. परंतु जे अद्याप नांगर धरून आहेत त्यांचें ऊन कांहीं बदललेलें नाहीं. मे महिन्यांत येथील सरासरी कमाल तपमान चाळीस अंशांच्या आसपास असतें, आणि वखरणी, पऱ्हाटी उपटणें, विहिरीचा गाळ काढणें, शेणखत पसरणें हीं कामें नेमकीं याच दिवसांत येतात. अशा उन्हांत कष्टाचें काम करणाऱ्यास तासास एक लिटरपर्यंत घाम येऊं शकतो. सहा तासांत सहा लिटर धरा. घामांत लिटरामागें साधारण दोन ते तीन ग्रॅम मीठ जातें. म्हणजे बारा ते अठरा ग्रॅम मीठ गेलें. जेवणांतून तो दिवसभरांत दहा ग्रॅमच्या आसपास मीठ घेतो. खर्च जमेहून अधिक झाला. मूत्रपिंडें अशा वेळीं मूत्रांतील मीठ जवळजवळ बंद करतात. पण घामांतून जाणारें मीठ अडविणें त्यांच्या हातीं नाहीं.

येथें एक चूक सर्रास होते. तहान लागली म्हणून मनुष्य नुसतें पाणी तांब्यामागून तांब्या पितो. पाणी भरून निघतें, मीठ नाहीं. रक्त फिकें होतें. विश्रांतीच्या वेळीं मूत्रपिंडें तासास पाऊण-एक लिटर जादा पाणी सहज काढून टाकतात. परंतु ऊन, श्रम व वेदना यांच्या योगानें व्हॅसोप्रेसिन सुटतच राहतें, दारें उघडींच राहतात, आणि जादा पाणी बाहेर पडत नाहीं. मग पोटऱ्यांत व पोटांत गोळे येतात, मळमळतें, डोकें ठणकतें. इंग्लंडांतील खोल कोळशाच्या खाणींत हाच प्रकार घडे. १९२३ सालीं मॉस या संशोधकानें तेथील खाणकामगारांचें निरीक्षण करून दाखविलें कीं हे गोळे उष्णतेमुळें नव्हेत, तर घामांतून मीठ गेल्यावर नुसतें पाणी प्याल्यामुळें येतात. पाण्यांत थोडें मीठ घातल्यावर ते थांबले. आपल्याकडे आंबील, मीठ घातलेलें पातळ ताक आणि कैरीचें पन्हें हीं उन्हाळ्यांत पिण्याची चाल आहे ती कोणी शास्त्र पाहून पाडलेली नसेल; परंतु शास्त्राच्या कसोटीस ती पुरेपूर उतरते. ताकांत पाणी, सोडियम व पोटॅशियम तिन्हीं मिळतात. कष्टाच्या दिवशीं लिटरभर ताकांत किंवा लिंबाच्या सरबतांत पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ पुरें. त्याहून अधिक घालणें तोट्याचें. पाणी एकदम तांब्याभर न ढोसतां दर पंधरा-वीस मिनिटांनीं पेलाभर घ्यावें, आणि तासास दीड लिटराच्या वर जाऊं नये.

दुसरी गोष्ट संवयीची. उन्हांत रोज थोडथोडा वेळ काम केल्यानें एक-दोन आठवड्यांत देह त्यास रुळतो. अल्डोस्टेरॉनच्या प्रभावानें घामच कमी खारट होतो. म्हणून सावलींतून उठून आलेल्या मनुष्यास पहिल्याच दिवशीं भर दुपारीं कामास लावणें धोक्याचें असतें. शहरांतील नोकरी सोडून सुटींत शेतावर आलेले तरुण, आजारांतून नुकते उठलेले गडी आणि पहिल्या उष्ण आठवड्यांत काम करणारे सर्वच यांस पहाटेची व संध्याकाळची पाळी द्यावी.

उन्हाबरोबर जुलाब लागले तर प्रसंग अधिक बिकट होतो. या बाबतींत १९७१ सालची एक हकीकत सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बांगलादेशच्या युद्धांत निर्वासितांचे लोंढे बंगालमध्यें बनगांव येथें आले आणि छावणींत पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून त्यांचें पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवीं पाजण्यास सुरुवात केली. जेथें शेंकडा तीसपर्यंत रोगी दगावत होते तेथें तें प्रमाण शेंकडा चारच्याहि खालीं आलें. आंतड्यांत साखरेच्या संगतीनें मीठ आंत घेतलें जातें आणि मिठामागून पाणी येतें, हें त्यांतील इंगित. मूत्रपिंडाच्या नळींतहि साखर व मीठ असेंच हातांत हात घालून परत येतात. आज औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडींत २००२ पासूनच्या प्रमाणाप्रमाणें लिटरामागें २.६ ग्रॅम मीठ व साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतें, शिवाय पोटॅशियम व सायट्रेट असतें. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे मूठभर मीठ टाकूं नये. लहान मुलास तें घातक होतें.

मिठाची ही तरफदारी कष्टाच्या व घामाच्या दिवसांपुरतीच समजावी. पावसाळ्या-हिंवाळ्यांत, किंवा ज्यास घामच येत नाहीं अशा मनुष्यास, दिवसास पांच ग्रॅमच्या आंत मीठ पुरतें असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. जादा मीठ मूत्रपिंडें बाहेर काढतात, परंतु त्यासाठीं रक्ताचा दाब चढा ठेवावा लागतो, आणि चढ्या दाबानें कालांतरानें त्या बारीक गुच्छांचाच नाश होतो. कालव्याखालच्या जमिनीचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. पाणी मुबलक मिळालें, निचऱ्याकडे लक्ष राहिलें नाहीं, आणि पुढील कांहीं दशकांत त्याखालील कितीतरी सुपीक जमिनी खारवट व चोपण झाल्या. देहांत निचऱ्याचे चर म्हणजे मूत्रपिंडें. ते चर बुजले म्हणजे क्षार देहांतच सांठतात. विदर्भांत पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यांतील लोकांस विहिरींचें खारें पाणीच पिढ्यान्‌पिढ्या प्यावें लागलें, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तेथील गांवांतून वारंवार ऐकूं येते. आपल्याकडेहि खोल बोअरचें पाणी जड लागत असेल तर तें एकदां तपासून घ्यावें. विरघळलेले क्षार लिटरामागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास उत्तम, आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतील, अशी भारतीय मानकांची मर्यादा आहे.

यापुढील विषय आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. दिवसभर वांकून काम केल्यावर कंबर दुखते. मनुष्य गांवांतील दुकानांतून एक वेदनाशामक गोळी आणतो, घेतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां उन्हांत उभा राहतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांच्या जातीच्या गोळ्या इतक्या सुलभ झाल्या आहेत कीं त्यांस औषध म्हणून कोणी मोजीत नाहीं. यांत धोका कोठें आहे तो पाहा. देहांतील पाणी कमी पडलें कीं हृदय व मेंदू यांस रक्त पुरावें म्हणून इतर वाहिन्या आकसतात. मूत्रपिंडांकडे जाणारी वाहिनीहि आकसूं लागते. तिला मोकळी ठेवण्याकरितां मूत्रपिंड स्वतः प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचे पदार्थ तयार करतें. वेदना निर्माण करण्यांतहि याच पदार्थांचा हात असतो, आणि वेदनाशामक गोळी त्यांचीच निर्मिति बंद करते. कंबर थांबते, पण ज्या दाराला ही टेकण लावलेली होती तें दारहि त्याच वेळीं मिटतें. पोटभर पाणी असलेल्या निरोगी मनुष्यास एखाद्या गोळीनें बहुधा कांहीं होत नाहीं. घामानें सुकलेल्या मनुष्याचीं मूत्रपिंडें मात्र अशा गोळ्यांनीं दोन-तीन दिवसांत बंद पडूं शकतात. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्या जे घेतात त्यांस हा धोका अधिकच.

मध्य अमेरिकेंतील ऊंसतोड कामगारांचें उदाहरण येथें देतों. एल साल्वादोर देशांतून २००२ सालीं अशी माहिती प्रसिद्ध झाली कीं किनाऱ्यालगतच्या सखल भागांतील तरुण शेतमजूर, ज्यांना मधुमेह नाहीं कीं रक्तदाब नाहीं, मूत्रपिंडें निकामी होऊन मरत आहेत. कारणांविषयीं अद्याप वाद आहे. परंतु वर्षानुवर्षें रोज रोज पाणी तुटेपर्यंत उन्हांत केलेलें कष्टाचें काम हें त्यांतील एक प्रमुख कारण असावें, असें पुष्कळ संशोधक मानतात, आणि तेथें आतां पाणी, विश्रांति व सावली यांची पद्धतशीर सोय करण्याचे प्रयत्न चालले आहेत. बीड व आपल्या शेजारच्या इतर तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ज्या कोयत्यांच्या जोड्या कारखान्यांच्या फडांवर जातात त्यांचा हंगाम उन्हें तापूं लागेपर्यंत चालतो. ज्यांच्या फडावर त्या येतात त्या बागाईतदारांनीं बांधावर झांकलेल्या पाण्याचा ड्रम व ताडपत्रीची सावली एवढें तरी करणें कठीण नाहीं.

डायक्लोफेनॅकची दुसरी एक करणी आपणांपैकीं प्रौढांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे, पण तिचा संबंध ओळखला नसेल. पूर्वीं मेलेलें जनावर माळावर टाकलें कीं अर्ध्या दिवसांत गिधाडें त्याचा फडशा पाडीत. १९९० नंतरच्या दशकांत तीं पाहतां पाहतां नाहींशीं झालीं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांत एकहि उरलें नाहीं. २००४ सालीं पाकिस्तानांत काम करणाऱ्या संशोधकांनीं याचें कारण सिद्ध केलें. गुरांना दुखण्यासाठीं टोंचलेलें डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसांत राहतें; तें मांस खाल्ल्यावर गिधाडांचीं मूत्रपिंडें बंद पडतात, आणि पक्षी मूत्राऐवजीं जें यूरिक आम्ल टाकतात तें खडूच्या भुकटीसारखें त्यांच्या काळजावर व हृदयावर सांठतें. भारत सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं या औषधाची मनाई केली, माणसांसाठीं बनविलेल्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळत म्हणून २०१५ सालीं एका बाटलींत तीन मिलिलिटरांहून अधिक औषध भरण्यास बंदी घातली, आणि २०२३ सालीं ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांसहि गुरांसाठीं बंदी झाली. जनावरास सूज वा ताप असेल तर मेलोक्सिकॅम हें औषध गिधाडांस अपायकारक नाहीं; पशुवैद्यास तेंच मागावें.

गुरांचा विषय निघालाच आहे तर बैलाविषयीं दोन शब्द. काम करणाऱ्या बैलास उन्हाळ्यांत दिवसाला चाळीस ते साठ लिटर पाणी लागतें. तें सकाळ-संध्याकाळ दोनदांच दाखविलें आणि वैरणींत कोंडा व भरडा जास्त असला तर मूत्र दाट होतें आणि कोंड्यांतील फॉस्फरसाचे खडे बनतात. गाईस त्यांचा उपद्रव सहसा होत नाहीं. बैलाची मूत्रनलिका लांब, अरुंद व वांकडी असल्यामुळें खडा तिच्या वळणांत अडकतो. गोऱ्हा फार लहानपणीं खच्ची केला तर ती नलिका अधिकच अरुंद राहते. बैल शेपूट उचलून कुंथूं लागला, पोटावर लाथा मारूं लागला, थेंब थेंब मुतूं लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. मूत्राशय फुटल्यावर उपाय फार कठीण होतो. रोज तीस ग्रॅम मीठ वैरणींत घातल्यानें किंवा चाटणविटा दावणीशीं टांगल्यानें बैल अधिक पाणी पितो व मूत्र फिकें राहतें. पण पाण्याचा हौद भरलेला नसतांना मीठ खाऊं घालणें हा मात्र उलटा उपाय होईल.

आपलें स्वतःचें मूत्र पाहण्याची संवय प्रत्येकानें ठेवावी. तें वाळलेल्या कडब्याच्या रंगाचें असल्यास ठीक. करडईच्या तेलासारखें गडद झालें तर पाणी कमी पडलें आहे. कोऱ्या चहासारखें काळपट दिसलें, किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाहीं, तर काम थांबवून दवाखाना गांठावा. ज्याचें अंग तापून घाम बंद झाला आहे व जो बरळत आहे त्यास उष्माघात झालेला आहे. त्यास गोळी देऊन ताप उतरत नाहीं. सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि तसाच रुग्णालयांत न्यावा.

मूत्रपिंडें निम्मीं निकामी होईपर्यंत रक्तांतील क्रिएटिनीनचा आंकडा पुष्कळदां नेहमींसारखाच दिसतो, आणि मनुष्यासहि कांहीं जाणवत नाहीं. म्हणून चाळिशीच्या पुढील प्रत्येकानें, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असणारानें, वर्षांतून एकदां क्रिएटिनीनबरोबर मूत्रांतील प्रथिनांचीहि तपासणी करून घ्यावी. घाटी रुग्णालयांत ती सोय आहे. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे असें आधींच ठरलें आहे त्यांनीं वर सांगितलेलें मिठाचें ताक, शहाळें वा मोसंबीचा रस आपल्या मनानें घेऊं नये. त्यांचीं मूत्रपिंडें जादा पोटॅशियम बाहेर टाकूं शकत नाहींत, आणि आपणांस जो थंडावा वाटतो तो त्यांच्या हृदयास बाधूं शकतो. त्यांनीं पाणी किती प्यावें हेंहि डॉक्टरांसच विचारावें.